उबाल्दोची माद्रिना

“पँट कापू नका हो माद्रिना, एवढी एकच धड आहे,” टेबलावर पालथा पडलेला उबाल्दो म्हणाला.

“धड होती. आता गप पड,” असं म्हणत ओतिलियाने कात्री चालवली.

उजव्या मांडीवर मागच्या बाजूला, खिशाच्या खालोखाल, तळहाताएवढी जागा काळपट जांभळी झाली होती. कडेने लालभडक कातडं, त्यावर पाण्याने तटतटलेले फोड. आरोग्य केंद्रात नर्स म्हणून इतकी वर्षं काढलेल्या ओतिलियाने भाजण्याचे सगळे प्रकार पाहिले होते. तव्यावर पडलेली पोरं, उकळत्या तेलाचे शिंतोडे, जत्रेतल्या दारूकामाने उडालेली बोटं. हे त्यातलं काही वाटत नव्हतं.

“कशानं भाजलं?”

“सायलेन्सरला चिकटलो. मोटरसायकलच्या.”

“पँट होती ना अंगात?”

“मग काय उघडा फिरतो?”

“मग ती कशी नाही जळली?”

उबाल्दोने हनुवटी टेबलावर टेकवली. “भारी कंपनीची आहे.”

ती हसली, आणि हसताना तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. अंगठा आणि शेजारची दोन बोटं सुजून चकचकीत झाली होती. हातही त्याच सायलेन्सरला लागला म्हणाला. मागच्या आठवड्यात दोन दिवस उलट्या होत होत्या, ते मात्र बाजारातल्या शिळ्या मटणाने. ओतिलियाने जखम धुतली, मलम लावलं, जाळीची पट्टी बांधली. डॉक्टरीणबाई शुक्रवारी येणार होत्या. तेव्हा परत ये म्हणून तिने बजावलं. जाताना त्याने नेहमीसारखं तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याच्या अंगाला ताप होता.

तिशी उलटलेला हा बाप्या तिच्यासाठी अजून पोरच होता. त्याच्या बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातावर धरलं होतं. त्या दिवशी ती त्याची माद्रिना, म्हणजे धर्मआई झाली आणि त्याची आई एर्मिनिया तिची कोमाद्रे, म्हणजे जणू धर्माची विहीण. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. पण लहानपणच्या मैत्रिणी विहिणी झाल्या की जशा एकदम अहो-जाहोवर येतात, तशा त्याही आल्या होत्या. ओतिलियाला मूलबाळ नव्हतं. नवरा कामासाठी सरहद्दीपलीकडे उत्तरेत गेला आणि तिथेच त्याने दुसरं घर मांडलं. तेव्हापासून तिचा रविवार एर्मिनियाच्या चुलीपाशी जायचा. एर्मिनिया भाजलेल्या तोर्तियांची, म्हणजे मक्याच्या भाकऱ्यांची चवड तिच्यापुढे सरकवायची, उबाल्दो दोघींची चेष्टा करायचा, आणि संध्याकाळी ती आपल्या एका खोलीच्या घरी परतायची. तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं म्हणाल तर एवढंच.

उबाल्दो काय काम करतो हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. माळावर पत्र्याच्या कुंपणाआड एक आवार होतं. हमरस्त्यावर चोरलेल्या गाड्या तिथे यायच्या आणि सुटे भाग होऊन जायच्या. मालक कोण, तर ‘वरचे लोक’. गावातले निम्मे तरुण तिथे खपत होते. सान नीकोलासमध्ये दुसरं होतं तरी काय? घायपात आणि धूळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावप्रमुख सिरीलो भोंगा लावलेली पिकअप घेऊन गल्लीगल्लीतून फिरला. मग आरोग्य केंद्राच्या दारावर एक कागद चिकटवायला थांबला.

“आता काय नवीन? डेंग्यू?” ओतिलियाने विचारलं.

“डेंग्यू परवडला. पेटी हरवलीय म्हणे. वाचा तुम्हीच, मला चष्मा नाही.”

कागदावर चित्र होतं. वर मूठ असलेली पिवळी पेटी, हत्यारांच्या खोक्यासारखी. लोखंडी नळांचे सांधे आतून तपासायचं यंत्र. हमरस्त्यावरच्या खाणावळीपुढे उभी असलेली कंपनीची पिकअप पळवली गेली, तिच्यात ते होतं. कंपनीने आधी गुपचूप शोध घेतला, आणि मग नाइलाजाने सरकारला कळवलं. पेटी बंद असेल तर भीती नाही. पण पेटीच्या आत एक छोटी धातूची शेपटी आहे, बोटभर लांब, टोकाला चकाकती. ती हातात घेऊ नये, खिशात ठेवू नये. तिच्यातून निघणारी किरणं दिसत नाहीत, लागतानाही कळत नाहीत. उलट्या होतात. काही दिवसांनी कातडी विस्तवाशिवाय भाजते.

‘विस्तवाशिवाय भाजते’ या शब्दांवर ओतिलिया थांबली. सिरीलो काहीतरी बोलत होता. तिने मान हलवली. तो गेला. लसीसाठी रांगेत बसलेल्या बायकांना तिने दुपारनंतर या म्हणून सांगितलं, दाराला कडी घातली आणि ती एर्मिनियाच्या घराकडे निघाली.

एर्मिनिया अंगणात निवडुंगाच्या पानांचे काटे तासत बसली होती. पायाशी टर्क्या घोटाळत होत्या.

“आज रविवार आहे का हो, कोमाद्रे?” तिने हसून विचारलं. “की माझ्या हातची आठवण झाली?”

“उबाल्दो कुठाय?”

“आत पडलाय. अंगात ताप आहे. तुमचं मलम काही लागू पडेना.”

तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. ओतिलियाने खाटेवर बसून सरळच विचारलं, “पिवळी पेटी तुझ्याकडे आहे?”

त्याने चादर गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाला, “पेटी छपरीत आहे, अंगणाच्या टोकाला. पिकअप कापली, त्यात निघाली. ही जड! वाटलं, आत शिसं असेल. ग्राइंडर लावून कुलूप तोडलं.”

“आणि आतली शेपटी?”

“पत्र्याच्या डब्यात टाकलीय, खिळ्यांबरोबर. तिथंच.” तो वळला. “चांदीवानी चमकत होती हो. किल्लीला लावायला बरी म्हणून खिशात टाकली. संध्याकाळी बसताना रुतायला लागली तेव्हा काढली.”

“एक आख्खी दुपार?”

“जेवून आल्यापासनं.” तिचा चेहरा पाहून त्याने विचारलं, “काय असतं त्यात?”

तिने कागदावरचं सगळं सांगितलं. दारात उभ्या असलेल्या एर्मिनियाच्या हातात सुरी तशीच होती.

“मग ते ओढ्यात फेकून देऊ,” एर्मिनिया म्हणाली. “आत्ताच जाते मी. फडक्यात गुंडाळून नेते.”

“हात लावायचा नाही! छपरीकडे फिरकायचंसुद्धा नाही. ओढ्यावर पोरं पोहतात, शेरडं पाणी पितात. कोमाद्रे, हे कळवायला हवं. ते लोक पोशाख घालून येतात, उचलून नेतात. आणि याला मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं.”

“कळवायचं?” उबाल्दो कसाबसा कोपरावर उठला. “माद्रिना, कळवलं की पहिला प्रश्न, पेटी आली कुठनं. मग आवार. मग वरचे लोक. ते मला एकट्याला मारून थांबतील होय? या घराला काडी लावतील.”

“घोटभर पाणी पी आणि पड.”

“पाणी नको. शब्द द्या.”

एर्मिनियाने सुरी खाली ठेवली, हात झग्याला पुसले आणि ओतिलियाचे दोन्ही खांदे धरले. “एकच दिवस. उद्या दुपारी माझा भाऊ फिदेन्सिओ गाडी घेऊन येतो. तो याला पुएब्ला शहरात नेईल, तिकडच्या दवाखान्यात घालील, नाव दुसरं सांगेल. गाडी गावाबाहेर पडली की खुशाल फोन करा. मीच तुमच्याजवळ बसते फोन करताना. या घरात जेवलायत तुम्ही, कोमाद्रे. याला हातावर धरलंय.”

एक दिवस. पेटी इतके दिवस पडून आहे, आणखी एका दिवसाने काय होणार? ओतिलियाने उबाल्दोच्या हाताकडे पाहिलं, एर्मिनियाच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “बरं. उद्यापर्यंत.”

“शपथ?”

“शपथ.”

ती मागच्या गल्लीने निघाली. आज पाण्याच्या टँकरचा दिवस होता. गल्लीत बायका बादल्या, पिंपं घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. सगळ्या एका ओळीत, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून. एकीच्या मांडीवर तान्हं होतं. दुसरी पोटुशी होती, मागच्याच आठवड्यात ओतिलियाने तिचं पोट मोजलं होतं. ती भिंत छपरीची होती.

“इथे नका बसू गं,” ओतिलिया म्हणाली.

“का हो, नर्सबाई?”

ओतिलियाने आभाळाकडे पाहिलं. “ऊन लागेल.”

“अहो, इथंच तर तेवढी सावली आहे!” पोटुशी हसली आणि जागा करायला सरकली. “या, तुम्हीपण टेका. टँकर काय लवकर येत नाही.”

“उठा म्हणते ना! तिकडे देवळापाशी बसा.”

“आज काय झालंय यांना?” कोणीतरी म्हणालं. कोणी उठलं नाही. तान्ह्याने तोंडातला शालीचा पदर सोडून ओतिलियाकडे पाहिलं.

ती चालत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मागे वळून पाहिलं. बायका तशाच भिंतीला टेकलेल्या. मग ती आरोग्य केंद्राकडे पळत सुटली. या वयात नर्सबाईंना पळताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

फोनवरच्या बाईचा आवाज शांत होता. ओतिलियाने घर सांगितलं, छपरी सांगितली, डबा सांगितला. पोलीस नकोत, रुग्णवाहिका पाठवा, माणूस फार आजारी आहे, असं दोनदा सांगितलं. “आमचा संबंध फक्त यंत्राशी, बाई,” तिकडून उत्तर आलं. “काळजी करू नका.” फोन ठेवून ती गल्लीत परत गेली आणि या वेळी तिने बायकांच्या बादल्याच उचलून देवळाकडे न्यायला सुरुवात केली. शिव्या देत का होईना, बायका बादल्यांमागे आल्या.

ऊन कलायच्या आत ते आले. आधी लष्कराचे ट्रक. त्यांनी गल्ल्या बंद केल्या. मग पांढऱ्या गाडीतून पोशाखवाले उतरले. त्यांचं काम बघता बघता आटोपलं. एकाने टिकटिकणारं यंत्र पुढे धरलं, दुसऱ्याने लांब दांड्याच्या चिमट्याने डब्यातली शेपटी उचलून शिशाच्या भांड्यात टाकली, झाकण लावलं. पिवळी पेटीही गाडीत चढली. रेडिओवर लगेच सांगितलं, चोरीला गेलेलं यंत्र सुखरूप मिळालं, जनतेला धोका नाही.

आणि पोलीस आले. रुग्णवाहिकेच्या पुढे एक गाडी, मागे एक. उबाल्दोला खाटेसकट बाहेर काढलं तेव्हा त्याच्या डाव्या मनगटात बेडी होती. एर्मिनियालाही रक्त तपासायचं म्हणून घेतलं. ओतिलिया दाराशी उभी होती. एर्मिनिया तिच्या अगदी जवळून गेली.

“कोमाद्रे, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या...” ओतिलिया म्हणाली.

“एक दिवस मागितला होता,” एर्मिनिया म्हणाली आणि गाडीत चढली.

वरचे लोक आलेच नाहीत. घराला कोणी काडी लावली नाही, कोणी कोणाला शोधत फिरलं नाही. त्यांनी आपलं पत्र्याचं कुंपण उचललं आणि आवार दुसऱ्या कुठल्याशा गावाला हलवलं. एवढंच. पण त्याबरोबर सान नीकोलासची रोजीरोटी हलली. तरुण पोरं देवळाच्या पायऱ्यांवर बसून राहू लागली. ओतिलिया समोरून गेली की गप्प व्हायची, आणि ती पुढे गेली की कोणीतरी टिकटिक असा आवाज काढायचं.

एर्मिनिया आठवड्याभराने परतली. तिला फारसं काही झालं नव्हतं, रक्त जरा पातळ झालं होतं, जड उचलू नका म्हणाले होते. पण तिची निवडुंगाची पानं बाजारात कोणी घेईना. टर्क्या फुकट दिल्या तरी नकोत म्हणाले. शेजारणीने मधल्या कुंपणावर पत्रे चढवले. ओतिलिया रविवारी गेली. दार वाजवलं. आतून चुलीचा धूर येत होता, तोर्तिया थापल्याचा आवाज येत होता. तो आवाज थांबला. दार उघडलं नाही. पुढच्या रविवारीही तेच झालं. त्यानंतर ती गेली नाही.

उबाल्दोला भेटायला मात्र ती राजधानीला गेली. त्याचे केस गळले होते, ओठ फुटले होते. उजवा पाय कंबरेपासून काढून टाकला होता. बेडी अजून होती, खाटेच्या दांड्याला.

“पळून जाईन म्हणून,” तो म्हणाला. “लंगडी घालत.”

तिला हसता आलं नाही. “दुखतं का रे?”

“नसलेला पाय दुखतो. असलेलं काही कळत नाही.” तो डोळे मिटून पडला. तिला वाटलं, झोपला. ती त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवून बसली.

“माद्रिना.”

“काय?”

“पुएब्लात वाचलो असतो का हो मी?”

तिने खूप विचार केला. “नाही,” ती म्हणाली.

“मग ठीक आहे. पण घरनं आईबरोबर मामाच्या गाडीत निघालो असतो. येवढाच काय तो फरक.” त्याने डोळे उघडले नाहीत. “जा आता तुम्ही. पोलिसाला चहा प्यायचाय, तुम्ही असलात की त्याला जाता येत नाही.”

पावसाळा संपत आला होता तेव्हा तो गेला.

फिदेन्सिओ शव घेऊन येणार हे कळताच सिरीलोने देवळासमोर गाव गोळा केलं. ओतिलिया मागे उभी राहून ऐकत होती. कबरस्तानाखालून पाण्याचा नळ जातो, किरणं जमिनीत मुरतील, पोरंबाळं मरतील, असं एकेक जण उठून बोलत होतं. मग तीच पुढे गेली.

“त्याच्या अंगात काही नाही,” ती म्हणाली. “विष त्या धातूत होतं. धातू गेला. हा नुसता भाजून मेलेला माणूस आहे. डॉक्टरांचा कागद आहे तसा. वाटलं तर मी रात्रभर शवाजवळ बसते.”

“नर्सबाई,” सिरीलो म्हणाला, “तेव्हा आमच्या बादल्या पळवल्यात. म्हणालात, भिंतीला टेकलात तरी मराल. आज म्हणता, उराशी धरा, काही होत नाही. तुमचं नक्की काय समजायचं आम्ही?”

कोणीतरी टिकटिक आवाज काढला. बायका हसल्या. हसणाऱ्यांत ती पोटुशीही होती. आता तिच्या कडेवर मूल होतं, गुटगुटीत, धडधाकट.

“कबरस्तानात नाही,” सिरीलो म्हणाला. “बाकी कुठे पुरायचं तिथे पुरा.”

पाद्रींनी त्या दिवशी दुसऱ्या गावात लग्न असल्याचं कळवलं.

एर्मिनियाच्या घरामागे, टेकाडाच्या उतारावर, तिच्या वडिलांची घायपातीची पट्टी होती. तिथे फिदेन्सिओने आणि त्याने शहरातून आणलेल्या एका मजुराने खड्डा खणला. गाडीचा चालक मदतीला थांबला, तोही तोंडाला रुमाल बांधून. ओतिलिया बोलावलं नसताना गेली. घायपातीच्या दोन झाडांमध्ये, जरा लांब उभी राहिली. खाली गावात कुत्री भुंकत होती, कोणाच्या तरी घरी गाणी लावली होती.

एर्मिनियाने स्वतःच जपमाळेची प्रार्थना म्हटली. मग शवपेटी उतरवायची वेळ आली. पेटीखालून दोन दोर घातले, त्यांची चार टोकं झाली. फिदेन्सिओने एक घेतलं, मजुराने एक, चालकाने एक. चौथं टोक मातीत पडलेलं होतं. पुरुषांनी इकडेतिकडे पाहिलं. एर्मिनिया वाकली, टोक उचललं, हाताला वेढा दिला आणि ओढून पाहिलं. तिने पुन्हा ओढलं. पेटी जमिनीवरून हलली नाही.

“ताई, राहू दे. मी दोन धरतो,” फिदेन्सिओ म्हणाला.

“दोन कशी धरशील? कलंडेल तो.”

ओतिलिया पुढे आली. एर्मिनियापाशी उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. एर्मिनियाने तिच्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ ती दोराच्या टोकाकडे पाहत राहिली. मग तिने हातावरचा वेढा सोडवला आणि दोर ओतिलियाच्या हातात न देता परत मातीत ठेवला. आणि बाजूला झाली.

ओतिलियाने तो उचलला.

पेटी वर उचलली, खड्ड्यावर आणली आणि चौघं हळूहळू दोर सोडू लागले. ओतिलियाकडे पायांची बाजू आली होती, उजवी. त्या कोपऱ्यात वजन जवळजवळ नव्हतंच. बाकीच्या तिघांचे हात ताणले होते आणि तिचा दोर सैल पडत होता. पेटी सरळ राहावी म्हणून ती त्यांच्या बेताने बोटाबोटाने दोर देत राहिली. पलीकडे एर्मिनिया पाठ वळवून उभी होती. तिने घायपातीच्या एका पानाची कड मुठीत धरली होती. पेटी तळाला टेकल्याचा आवाज आला तेव्हासुद्धा तिने ती सोडली नाही.